रुंदपट्टा मेटामटेरियल शोषक

प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान अशा कृत्रिम घटकांची मांडणी करून, विस्तृत पल्ल्यातील प्रकाशाचे परावर्तन आणि पारगमन दोन्ही जवळजवळ नाहीसे होतील अशा रीतीने घडवलेल्या पातळ रचनेस रुंदपट्टा मेटामटेरियल शोषक म्हणतात. तिचे गुणधर्म घटकद्रव्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घटकांच्या आकारावर व अंतरावर अवलंबून असतात.

नेहमीच्या रचनेत तळाशी धातूचा अखंड थर, त्यावर विद्युत् निरोधक थर आणि माथ्यावर धातूचे सूक्ष्म तुकडे असतात. तळच्या थरामुळे प्रकाश आरपार जात नाही. माथ्यावरील तुकडे व तळचा थर यांत विरुद्ध दिशांनी प्रवाह वाहून चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे ठरावीक वारंवारतेला होणारे तीव्र दोलन, निर्माण होते. रचनेचा संरोध, म्हणजे तरंगाला होणारा विद्युत् अडथळा, मोकळ्या अवकाशाच्या संरोधाशी, म्हणजे सुमारे ३७७ ओहमशी, जुळला की परावर्तनही थांबते आणि आत आलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. लँडी, पॅडिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ११.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात, असा शोषक दाखवला.

अनुस्पंदन मुळातच अरुंद असते, आणि अभिकल्पाची खरी अडचण येथेच आहे. वेगवेगळ्या मापांचे तुकडे रचनेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकाच एककात बसवले, तर त्यांच्या शोषणाची शिखरे एकमेकांवर येऊन पट्टा रुंदावतो. मात्र तुकडे वाढतील तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग घटतो आणि शोषण उणावते. समलंब आकारात रुंदी सलग बदलत असल्याने ही अडचण काहीशी टळते. ॲटवॉटर यांच्या गटाने २०११ मध्ये चांदीच्या अशा रचनेत, एकूण २६० नॅनोमीटर जाडीत, ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण दृश्य पट्ट्यात सरासरी ७१ टक्के शोषण मोजले. संगणकीय आकडा ८५ टक्के होता. कागदावरचा आकार आणि प्रत्यक्ष कोरलेला आकार यांत फरक पडतोच, त्यामुळे केवळ गणनेवर आधारलेले दावे जपूनच वाचावेत. धातू व निरोधकाचे थर आलटून पालटून रचून त्यांना करवतीच्या दातांसारखा निमुळता छेद देणे हा दुसरा मार्ग होय; त्यात निरनिराळ्या तरंगलांबी निरनिराळ्या उंचीवर मंदावून शोषल्या जातात.

चांदीसारख्या कमी ऊर्जाक्षय असलेल्या धातूने शोषणाचे शिखर टोकदार होते, म्हणून रुंद पट्ट्यासाठी टंगस्टन किंवा टायटॅनियम नायट्राइड अनेकदा अधिक सोयीचे ठरतात. ती उच्च तापमानही सोसतात, आणि सौर औष्णिक उपयोगात ते आवश्यक असते. तेथे आणखी एक अट येते : चांगला शोषक हा किरखोफच्या नियमानुसार त्याच तरंगलांबीला चांगला उत्सर्जकही असतो, म्हणून तापलेल्या शोषकाची उष्णता उत्सर्जनाने वाया जाऊ नये यासाठी पट्टा सुमारे २.५ मायक्रोमीटरच्या पुढे अवरक्तात पसरू न देणेच हिताचे असते.

पट्टा हवा तेवढा रुंदावता येत नाही. धातूच्या पाठीवरील शोषकाच्या दिलेल्या जाडीत परावर्तन किती आणि केवढ्या पल्ल्यात कमी करता येईल, याची मर्यादा रोझानोव्ह यांनी २००० मध्ये कार्यकारणभावाच्या, म्हणजे परिणाम कारणाआधी घडू शकत नाही या, तत्त्वावरून काढली.