युरियाच्या गोणीपासून मोजायचा गॅस

नागपूरहून काटोलकडे जाताना नेपियर गवताचं शेत दिसलं की बरोबरचं कुणीतरी सांगतंच, "याचा गॅस होतो." होतो, हे खरं. गवताची कुट्टी करून ती शेण-पाण्याबरोबर हवाबंद टाकीत सडवायची. हवेविना जगणारे जिवाणू त्यातून बायोगॅस तयार करतात. त्यात साधारण 50 ते 65 टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो काढून टाकला आणि उरलेला मिथेन दाबून भरला, की सीएनजीची गाडी त्यावर चालते. केंद्र सरकारची 2018 ची 'सतत' योजना याच इंधनासाठी आहे.

गॅस जळताना जो कार्बन सुटतो तो गवतानं हवेतूनच घेतलेला, म्हणून प्रदूषण शून्य, असं सांगितलं जातं. मला हा हिशेब अर्धवट वाटतो. जीवनचक्र मूल्यमापनात नांगरणीच्या डिझेलपासून स्लरी, म्हणजे टाकीत उरलेला पातळ गाळ, शेतात परत पडेपर्यंतचं सगळं एक किलो गॅसच्या नावावर मांडावं लागतं.

खताचंच घ्या. नेपियर दर दीड-दोन महिन्यांनी कापायचा, म्हणजे नत्र द्यावंच लागतं. 45 किलोच्या पाच गोणी युरियात सुमारे 103 किलो नत्र. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या ढोबळ नियमानुसार त्यातलं एक टक्का मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा, त्यामुळे पाच गोण्यांचा भार सुमारे 440 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. शिवाय युरिया तयार होतो तो मुख्यतः खनिज वायूपासूनच, त्याचा भार वेगळा.

याहून मोठी काळजी गळतीची. 100 किलो बायो-मिथेन विकला, तर तेवढा खनिज गॅस जळून आला असता तो 275 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. पण न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात 27 पट तापवतो. त्याच वेळी 10 किलो गळाला, तर 270 किलोंचा भार चढला. कमाई जवळजवळ संपली! पाइपचे सांधे गळतात, पण स्लरीची उघडी टाकी लोक विसरतात. तिच्यात सडणं चालूच असतं. प्रकल्प बघायला गेलात तर आधी त्या टाकीवर झाकण आहे का ते पाहा. गॅस दाबायला लागणारी वीज कोराडीच्या वीजकेंद्रातली, कोळशाची असेल, तर तीही मोजायची.

आणि जमीन? सोयाबीन किंवा तुरीचं वावर नेपियरखाली गेलं, तर ती तूर दुसरीकडे कुठेतरी पिकवावी लागते. तिथे गवताळ रान मोडलं तर तो कार्बनही याच गॅसच्या खात्यात. जर्मनीत बायोगॅससाठी मका इतका पसरला की 2012 मध्ये नव्या प्रकल्पांत त्याच्या वाट्यावर 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

म्हणून माझा कल नागपूरच्या कळमना बाजारातल्या सडक्या भाजीकडे आणि भंडारा-गोंदियाच्या तणसाकडे, म्हणजे धानाच्या पेंढ्याकडे, आहे. त्यांच्यासाठी वेगळं वावर नको, वेगळा युरियाही नको. भाजी तर कचऱ्याच्या ढिगात पडून मिथेनच सोडणार होती, तो पकडला की दुहेरी बचत. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मात्र या टाकीत सहजासहजी सडत नाही. तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा भाग, या जिवाणूंना पचतच नाही.