किरणोपचारातील तोंडाची कोरड आणि ॲक्युपंक्चर

डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार (रेडिएशन) चालू असतानाच शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचून तोंडाला पडणारी कोरड टाळण्याचा किंवा सौम्य ठेवण्याचा पूरक उपाय. याने कर्करोग बरा होत नाही. तसा दावाही कोणी जाणकार करत नाही.

घसा, जीभ किंवा नाकामागच्या पोकळीतील गाठीला सहसा सहा-सात आठवड्यांत 60 ते 70 ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे एकक) एवढी मात्रा दिली जाते. कानापुढची कर्णमूल ग्रंथी आणि जबड्याखालची लाळग्रंथी या किरणांच्या वाटेतच येतात. पाण्यासारखी पातळ लाळ तयार करणाऱ्या पेशी किरणांपुढे फार नाजूक ठरतात. पहिल्याच आठवड्यात लाळ घटू लागते आणि उरते ती चिकट, तार धरणारी. मग पाण्याचा घोट घेतल्याशिवाय कोरडा घास उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, चव जाते, आणि लाळेचे संरक्षण संपल्याने दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. उपचार संपून वर्ष उलटले तरी अनेकांची ही तक्रार कायम असते. कर्णमूल ग्रंथीला बसणारी सरासरी मात्रा सुमारे 26 ग्रेच्या आत राहिली तर ती पुष्कळशी सावरते. म्हणून ग्रंथी वाचवून किरण देणारे आयएमआरटी तंत्र हाच प्रतिबंधाचा पहिला मार्ग. सुयांचा क्रम त्यानंतरचा.

सुया केसासारख्या बारीक, निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकून द्यायच्या असतात. खालच्या ओठाखालची खळगी, मनगटाची अंगठ्याकडची बाजू, पायाच्या आतल्या घोट्याखालची जागा आणि बाह्य कानावरचे काही बिंदू यांची निवड होते.

या विषयावरची सर्वांत महत्त्वाची चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील ह्यूस्टनचे एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटर आणि शांघायच्या फुदान विद्यापीठाचे कर्करोग रुग्णालय येथील 399 रुग्णांचे तीन गट केले होते : खरे ॲक्युपंक्चर, लुटुपुटीचे (तुलनेसाठी दिलेले, खऱ्यासारखे भासणारे) ॲक्युपंक्चर आणि केवळ नेहमीची काळजी. पहिल्या दोन गटांना किरणोपचाराच्या काळात आठवड्यातून तीनदा सुया दिल्या गेल्या. वर्षानंतर लक्षणीय कोरड राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे 35, 48 आणि 55 टक्के होते. नुसत्या काळजीपेक्षा खरे ॲक्युपंक्चर स्पष्टपणे सरस ठरले. लुटुपुटीच्या सुयांशी तुलना केली तेव्हा मात्र फरक संख्याशास्त्रीय निकषाच्या उंबरठ्यावरच अडला, म्हणजे तो केवळ योगायोग नाही असे ठामपणे म्हणता आले नाही. त्यातही शांघायमध्ये लुटुपुटीच्या सुयांचा फारसा उपयोग दिसला नाही, तर ह्यूस्टनमध्ये त्यांनीही बराच आराम दिला. ही तफावत या संशोधनातला खरा पेच आहे. रुग्णाची अपेक्षा, सुया देणाऱ्याची वागणूक, वातावरण यांचा वाटा किती, हे त्यातून सुटे करता येत नाही. शिवाय मुख्य मोजमाप रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीवर आधारलेले होते. कोरड जाणवणे आणि लाळ प्रत्यक्ष कमी होणे या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

परिणाम कसा घडतो याचे पक्के उत्तर नाही. स्वायत्त चेतासंस्थेला (शरीराची आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या मज्जातंतूंना) चालना मिळून ग्रंथींचा रक्तपुरवठा वाढतो, असे एक मत आहे. निरोगी व्यक्तींच्या मेंदूच्या एफएमआरआय चित्रणात (मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या) तर्जनीच्या मुळाशी असलेल्या बिंदूवर सुई दिल्यावर चवीशी निगडित भाग सक्रिय झालेला आणि लाळ वाढलेली आढळली.

2021 मध्ये मॅस्क (कर्करोगातील आधारोपचारांची आंतरराष्ट्रीय संघटना), आयसू (कर्करोगातील मुखारोग्याची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि अस्को (कर्करोगतज्ज्ञांची अमेरिकी संघटना) या संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनी किरणोपचाराच्या काळात ॲक्युपंक्चर ‘देता येईल’ असे म्हटले. ‘द्यावेच’ असे नाही, आणि उपलब्ध पुराव्याला हीच भाषा शोभते. धोका कमी असतो : किंचित दुखणे, क्वचित काळानिळा डाग. मात्र केमोथेरपी सोबत चालू असेल तर पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स किती आहेत ते आधी पाहावे लागते, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे सांगावे लागते, आणि गाठीवर किंवा किरणांनी सोललेल्या त्वचेवर सुई टोचत नाहीत.