आर्यभट्टाला ७७५२ हा क्रमांक कुणी दिला?

आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारवरून सुटला. विकिपीडियावर त्याच्या पानाच्या माहितीचौकटीत एक आकडा दिसतो : ७७५२. हा आकडा भारताने दिलेला नाही आणि सोव्हिएत संघानेही नाही. तो अमेरिकी सैन्य ठेवतं त्या अंतराळातल्या वस्तूंच्या यादीतला आहे. लोक त्याला सर्रास ‘नोराड क्रमांक’ म्हणतात (नोराड म्हणजे अमेरिका आणि कॅनडा यांची हवाई संरक्षणाची संयुक्त यंत्रणा). १९७५ साली ते बरोबरच होतं. पण काल-परवा सुटलेल्या उपग्रहाच्या आकड्यालाही तेच नाव चिकटतं आणि तिथे ते चुकतं. ही यादी ठेवणाऱ्या तुकड्या इतक्या वेळा हलल्या, गुंडाळल्या गेल्या आणि नव्या पाटीखाली उभ्या राहिल्या, की त्यांचं पान संपादायला बसलेल्या माणसाला आधी एकच गोष्ट ठरवावी लागते : आपण नक्की इतिहास कुणाचा लिहितोय? यंत्राचा, तळाचा, कामाचा की तुकडीचा?

सुरुवात स्पुटनिकपासून. ४ ऑक्टोबर १९५७ ला तो वर गेला आणि नोव्हेंबर संपायच्या आत बोस्टनजवळच्या हॅन्सकम तळावर वाहल आणि मिक्झाइका या दोन शास्त्रज्ञांनी ‘प्रोजेक्ट स्पेस ट्रॅक’चं काम सुरू केलं. मिळतील तिथून निरीक्षणं गोळा करायची आणि वस्तू पुढे कुठे दिसेल याचं गणित मांडायचं, एवढंच ते काम. यादीतली गंमत अशी की क्रमांक १ स्पुटनिकचा नाहीच. तो त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या उरलेल्या भागाचा आहे. खुद्द स्पुटनिक दोन नंबरला. लोकांनी अंगणात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी जो ठिपका पाहिला, तोही बहुतेक वेळा ते रॉकेटच होतं. ते दोन्ही केव्हाच जळून गेले. पाचव्या क्रमांकाचा, १९५८चा व्हॅनगार्ड-१ मात्र अजून फिरतोय.

हवाई दल हे करत असताना नौदल स्वस्थ बसलं नव्हतं. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉजर ईस्टन यांच्या (पुढे जीपीएसच्या पायाभरणीतही त्यांचं नाव येतं) कल्पनेतून १९५८ पासून अमेरिकेच्या दक्षिण भागात आडवं एक रेडिओ-कुंपण उभं राहिलं. तेहतिसाव्या अक्षांशाच्या आसपास, कॅलिफोर्नियापासून जॉर्जियापर्यंत तीन प्रक्षेपण केंद्रं आणि सहा ग्रहण केंद्रं. सर्वांत ताकदवान प्रक्षेपक टेक्सासमधल्या लेक किकापूला. सुमारे २१७ मेगाहर्ट्‌झच्या लहरींचा पातळ पंखा आकाशात कायम उघडा ठेवलेला. त्यातून एखादी वस्तू गेली की लहर तिच्यावरून परावर्तित होते, जमिनीवरच्या वेगवेगळ्या अँटेनांपर्यंत किंचित पुढेमागे पोचते आणि त्या फरकावरून दिशा काढता येते. दोन केंद्रांवरच्या दिशा जुळवल्या की जागा मिळते. कुठे बघायचं हे आधी माहीत असायची गरजच नाही, ही त्याची खरी ताकद. सगळी आकडेमोड व्हर्जिनियातल्या डॅलग्रेनला चाले.

१९६१ मध्ये हवाई दलाचं काम हॅन्सकमहून कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेलं आणि दोन्ही दलांची निरीक्षणं नोराडकडे एकत्र जाऊ लागली. आकड्याला चिकटलेलं नाव इथून आलं. विकिपीडियावरचा पहिला गुंताही इथलाच : काम एक, दलं दोन, म्हणून पानंही वेगवेगळी आणि प्रत्येक पानाचा ‘पहिलं’ या शब्दावर दावा.

यंत्र तेच आणि पाटी बदलली, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण फ्लोरिडात आहे. एग्लिन तळाजवळ एएन/एफपीएस-८५ हे प्रचंड रडार बांधत आणलं होतं, तेवढ्यात १९६५ मध्ये आग लागून ते खाक झालं. पुन्हा बांधलं आणि १९६९ मध्ये चालू झालं. तिरप्या भिंतीची ती इमारत आजही कामावर आहे. ती चालवणारी विसावी तुकडी मात्र आधी सर्व्हेलन्स (टेहळणी) स्क्वाड्रन, पुढे पाणबुड्यांवरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायचं काम आलं तेव्हा मिसाइल वॉर्निंग स्क्वाड्रन, नंतर परत सर्व्हेलन्स, पुढे स्पेस सर्व्हेलन्स, मग स्पेस कंट्रोल आणि आता पुन्हा स्पेस सर्व्हेलन्स. पानाला शीर्षक कोणतं द्यायचं? आजचं द्यायचं आणि बाकीची पुनर्निर्देशित करायची, हे उत्तर सोपं. अडचण मजकुरात येते. १९७८च्या घटनेत आजचं नाव घातलं की ते वाक्य खोटं होतं.

अमेरिकी हवाई दलात तुकडीची वंशावळ हा स्वतंत्र कागदी प्रकार आहे. अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरची इतिहास संशोधन संस्था ती सांभाळते. आपल्याकडे सातबाऱ्यावर जमीन तीच राहते आणि फेरफारात माणसांची नावं बदलतात. इथे उलटं होतं : क्रमांक, मानचिन्हं आणि इतिहास तुकडीबरोबर जातात, जमीन आणि यंत्र मागे राहतात. तुकडी ‘इनॅक्टिव्हेट’ झाली म्हणजे गादी रिकामी झाली, वंश खुंटला नाही. ‘डिसबँड’ झाली तर मात्र खुंटला, आणि तो पुन्हा चालवायला वेगळा हुकूम लागतो. मराठीत दोन्हीला ‘बरखास्त’ लिहिलं की घोळ झालाच. अठरावी तुकडी घ्या. १९९०च्या दशकात ती कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्‌स तळावर होती, नंतर गादी रिकामी. जुलै २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच व्हँडेनबर्ग तळावर नव्याने उभी राहिली ती उपग्रहांच्या यादीचं काम घेऊन. यादी तिच्याहून कितीतरी जुनी. म्हणून ‘अठरावी तुकडी १९५७ पासून यादी ठेवते’ हे वाक्य कितीही ओघवतं वाटलं तरी खोडावंच लागतं.

कुंपणाची कथा याहून वाकडी. १ ऑक्टोबर २००४ रोजी नौदलाने ते हवाई दलाला दिलं, मनोरे आहेत तिथेच राहिले आणि कारभार विसाव्या तुकडीकडे गेला. १ सप्टेंबर २०१३ ला ते बंद झालं. मग प्रशांत महासागरात, मार्शल बेटांपैकी क्वाजालिनवर साफ वेगळ्या तंत्राचं नवं रडार उभं राहिलं, मार्च २०२० मध्ये रुजू झालं, आणि त्याचं नाव ठेवलं ‘स्पेस फेन्स’. जुन्याला लोक बोलण्यात हेच म्हणायचे! तेव्हापासून दोघांचे संदर्भ एकमेकांच्या पानात शिरतात. एका वाक्यात टेक्सास, पुढच्यात मार्शल बेटं, आणि वाचणाऱ्याला वाटतं कुंपणच उचलून नेलं.

संदर्भांचीही एक खोच आहे. अमेरिकी सरकारी मजकुरावर त्या देशात कॉपीराइट नसतो. त्यामुळे तळाचं माहितीपत्रक जसंच्या तसं पानात ओतायला कायदा आडवा येत नाही. येतो तो सूर. ‘अतुलनीय’, ‘अग्रगण्य’ ही विशेषणं काढत बसणं हे या पानांवरचं निम्मं काम. उरलेल्या निम्म्यात गाळलेल्या जागा असतात. काही अमेरिकी लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर यादीत देतच नाहीत. हौशी निरीक्षक दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन त्या शोधून काढतात, पण त्यांच्या वह्या थेट संदर्भ म्हणून धरल्या तर ‘मूळ संशोधन नको’ हा नियम दारात उभा.

२०२२ मध्ये अठराव्या तुकडीचं नाव स्पेस डिफेन्स स्क्वाड्रन झालं. त्याच वर्षी एकोणिसावी त्याच नावाने उभी राहिली ती डॅलग्रेनला, म्हणजे नौदलाच्या कुंपणाचं गणित जिथे चाले त्याच गावी. गाव एक म्हणून तिला नौदलाच्या केंद्राची वारस ठरवण्याचा मोह होतो. वंशावळीचा कागद दाखवल्याशिवाय तेही लिहिता येत नाही.

आर्यभट्ट फेब्रुवारी १९९२ मध्ये वातावरणात शिरून जळाला. यादीतल्या त्याच्या ओळीत ती तारीख भरली गेली. ७७५२ हा आकडा दुसऱ्या कुणाला दिला जात नाही.