कोविड-१९मधील दाहसूचक रक्तचाचण्या

श्वसनमार्गात विषाणू शिरला की शरीर जो प्रतिकार करते, त्यातून होणाऱ्या दाहाच्या (इन्फ्लमेशन) खुणा रक्तात उमटतात. त्या मोजणाऱ्या तपासण्यांना दाहसूचक चाचण्या किंवा बोलीत नुसते 'मार्कर' म्हणतात. सीआरपी, फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर आणि इंटरल्यूकिन-६ (आयएल-६) ही त्यांतली ठळक नावे. २०२०-२१मध्ये ती महाराष्ट्रात घरोघरी पोचली. या चाचण्या विषाणू मोजत नाहीत. शरीराचा प्रतिसाद किती तीव्र आहे, एवढेच त्यांतून कळते.

यांत सर्वाधिक वापरला गेलेला सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम नोंदवला. प्रतिकारपेशींनी सोडलेल्या आयएल-६चा संदेश मिळताच यकृत सीआरपी तयार करू लागते. काही तासांत पातळी चढते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्याने दाह ओसरला की तीही झपाट्याने उतरते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अहवालांतला चढ-उतार कितीतरी बोलका असतो. निरोगी माणसात सीआरपी बहुधा लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅमच्या आत असतो. गंभीर कोविडमध्ये तो १००च्या पुढे गेलेला अनेकदा दिसतो. ही वाढ बहुतेकदा आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास होते. तोवर विषाणूंची संख्या घटू लागलेली असते, पण अनावर झालेला प्रतिकार फुफ्फुसालाच इजा करत असतो.

डी-डायमर रक्ताच्या गुठळ्या विरघळताना तयार होतो. वूहानमधील १९१ रुग्णांच्या, मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखल होताना तो मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमहून अधिक असणे आणि मृत्यूचा धोका यांचा ठळक संबंध आढळला. एलडीएच पेशींची मोडतोड दाखवतो, तर फेरिटिन लोहसाठ्याबरोबरच दाहातही वाढतो. प्रोकॅल्सिटोनिन हा आणखी एक मार्कर मात्र निव्वळ विषाणुसंसर्गात फारसा वाढत नाही. तो चढला तर जिवाणूंचा संसर्ग जडल्याची शंका घेतात. या महागड्या यादीपुढे साध्या सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, उपेक्षा होते, ती योग्य नाही. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढणे आणि लिम्फोसाइट घटणे हीही तीव्रतेचीच खूण आहे आणि ती स्वस्तात कळते.

अहवाल वाचताना एकक आधी पाहावे. सीआरपी एक प्रयोगशाळा लिटरमागे देते, दुसरी डेसिलिटरमागे; आकड्यात दहापट फरक पडतो. डी-डायमरच्या एफईयू आणि डीडीयू या एककांत सुमारे दुपटीचा फरक आहे. प्रयोगशाळा बदलली की 'मार्कर वाढले' असा भास होण्याचे हे एक कारण.

आजाराची तीव्रता या आकड्यांवरून ठरवत नाहीत. भारतातील २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत ती श्वसनाचा वेग आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी यांवर ठरे: ९० ते ९३ टक्के म्हणजे मध्यम, ९०च्या खाली गंभीर. सीआरपी आणि डी-डायमर मध्यम आजाराच्या दाखल रुग्णांत ४८ ते ७२ तासांनी करावेत असे त्यांत होते. ऑक्सिजन व्यवस्थित असताना केवळ वाढलेल्या सीआरपीसाठी स्टेरॉइड देणे घातक ठरू शकते. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा झाला नाही. मे २०२१मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनीही सौम्य रुग्णांनी या चाचण्या आणि सीटी स्कॅन करू नयेत असे जाहीरपणे सांगितले होते. त्याच काळात राज्यात म्युकरमायकोसिसचे (काळी बुरशी) रुग्ण वाढले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्यामागची मोठी कारणे होती.

आकडा थेट उपचाराशी जोडला गेला तो टोसिलिझुमॅब या औषधाच्या बाबतीत. 'रिकव्हरी'मध्ये ऑक्सिजन कमी असलेल्या आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक असलेल्या रुग्णांनाच ते दिले गेले आणि मृत्यू कमी झाले. हे औषध आयएल-६चा संदेशच अडवते, त्यामुळे ते दिल्यावर सीआरपी कोसळतो आणि पुढे नवा जिवाणुसंसर्ग झाला तरी तो नेहमीसारखा चढत नाही. अशा रुग्णात रक्तदाब, श्वसन आणि रक्ताचे कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) यांवर भिस्त ठेवावी लागते.