कोल्चिसिन आणि ॲलोप्युरिनॉल: गाउटच्या दोन गोळ्या, दोन वेगळी कामं

मध्यरात्री पायाचा अंगठा सुजून लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. गाउटचा असा झटका आला की माणूस डब्यात जी गोळी सापडेल ती घेतो. कोल्चिसिन आणि ॲलोप्युरिनॉल बऱ्याचदा एकाच चिठ्ठीवर लिहिलेल्या असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. तसं केलं तर दुखणं थांबत नाहीच, कधीकधी जिवावरही बेततं.

रक्तातलं युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) वर राहिलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. पांढऱ्या पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. कोल्चिसिन या पेशींना आवरतं. युरिक ॲसिड मात्र त्याने कणभरही कमी होत नाही. ॲलोप्युरिनॉल शरीरात युरिक ॲसिड तयार होणंच कमी करतं, पण आज पेटलेल्या सांध्याला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ‘आज जास्त दुखतंय, दोन जास्त घेतो’ हा हिशेब ॲलोप्युरिनॉलला लागू पडत नाही.

कोल्चिसिनला तर तो मुळीच लावू नये. पूर्वी आराम पडेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी देत असत. आता कमी डोसनेही तितकाच आराम मिळतो हे सिद्ध झालं आहे. या औषधाचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. जास्त झालं तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग अस्थिमज्जा, हृदय, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. मूत्रपिंडं आधीच कमजोर असतील, किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर नेहमीचा डोसही अंगात साचत जातो. खोकल्या-तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी कोल्चिसिन घेत असल्याचं आवर्जून सांगा.

ॲलोप्युरिनॉल सावकाशीचं औषध आहे. रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरुवात करायची, रक्त तपासत हळूहळू वाढवायचं आणि युरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायचं. इथेच बहुतेकांची गाडी अडते. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात, कारण जुने स्फटिक विरघळताना हलतात. रुग्णाला वाटतं गोळीच बाधली, आणि तो ती सोडून देतो. मला या आजारातली सगळ्यात वाईट चूक हीच वाटते. हे झटके टळावेत म्हणूनच डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने जोडीला थोडं कोल्चिसिन देतात. दोन्ही गोळ्या एकत्र दिसतात त्या यामुळे. झटका आला तरी चालू असलेलं ॲलोप्युरिनॉल बंद करायचं नसतं. झटक्याच्या दिवसांत युरिक ॲसिडचा आकडा कधीकधी नॉर्मलही येतो, त्यावर विसंबून औषध सोडू नका.

ॲलोप्युरिनॉल स्वतःहून ताबडतोब थांबवायचं ते अंगावर पुरळ उठलं तर. विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत पुरळ, ताप, तोंडात फोड यांपैकी काहीही दिसलं की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचितच होते, पण ही ॲलर्जी प्राणघातक ठरू शकते. ‘एचएलए-बी ५८०१’ हे जनुक असणाऱ्यांना तिचा धोका बराच जास्त असतो. रक्ताच्या चाचणीतून ते आधीच कळू शकतं, तेव्हा पहिली गोळी घेण्यापूर्वी या चाचणीबद्दल विचारा. आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेत असाल तर तेही तेव्हाच सांगा. ॲलोप्युरिनॉलसोबत त्याचा जोर इतका वाढतो की रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.