खिऑस

खिऑस : एजियन समुद्राच्या पूर्व भागातील ग्रीक बेट. क्षेत्रफळ ८४२ चौ. किमी.; लोकसंख्या सु. ५०,००० (२०२१). क्रीट, युबिया, लेस्बॉस आणि ऱ्होड्सनंतरचे हे ग्रीसमधील पाचवे मोठे बेट. उत्तर-दक्षिण लांबी सु. ५० किमी. तुर्कस्तानातील चेश्मे बंदराच्या बाजूचा किनारा मधल्या सामुद्रधुनीच्या अरुंद जागी जेमतेम सात किमी.वर आहे. मुख्य शहराचे नावही खिऑसच; स्थानिक लोक त्याला ‘होरा’ म्हणतात. बेटाचे तुर्की नाव ‘साकीझ’. साकीझ म्हणजे चघळायचा डिंक. ‘मस्तकी’ नावाच्या या डिंकाने बेटाला पैसा दिला, गावांना तटबंदी दिली आणि परक्या सत्ताही इथवर ओढून आणल्या.

बेटाची दोन तोंडे आहेत. उत्तर भाग उंच, खडकाळ आणि उजाड, पेलिनेओ शिखर (१,२९७ मी.) इथेच आहे. पायथ्याची गावे विरळ आणि आता बरीचशी ओस पडलेली. याच्या वायव्येकडील आरिऊसिया भागाची द्राक्षमद्ये प्राचीन काळी साऱ्या ग्रीक जगात नावाजलेली होती. खिऑसच्या नाण्यांवर स्फिंक्सच्या जोडीला मद्याचा निमुळता रांजण दिसतो तो यामुळे. दक्षिण भाग ठेंगण्या चुनखडी टेकड्यांचा, कोरडा आणि उबदार. मस्तकी पिकते ती इथेच. दोन्हींच्या मधोमध, होराच्या दक्षिणेला, ‘कांपोस’ हे विहिरींच्या पाण्यावर पोसलेले लिंबू-संत्र्यांचे सपाट खोरे आहे. बागांभोवती दोन पुरुष उंचीच्या भिंती घातलेल्या आहेत. त्या मालकीसाठी आहेतच, पण मोहोर वाऱ्यापासून आणि धुळीपासून राखणे हे त्यांचे खरे काम. जुन्या वाड्यांच्या अंगणात जनावराने फिरवायचा रहाट आणि शेजारी दगडी हौद अजून पाहायला मिळतो. १८५०च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने या बागा आणि दक्षिणेतील मस्तकीची झाडे जवळजवळ साफ झाली. आजची लागवड बहुतांशी त्यानंतरची.

मस्तकी : आपल्याकडे काष्ठौषधींच्या आणि अत्तरांच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ म्हणून जे फिकट पिवळे, पारदर्शक मणी मिळतात, ते याच बेटाचे पीक. पिस्त्याच्या कुळातील हे झुडूप दोन-तीन मीटर वाढते. जातीने ते भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे उगवते, पण खिऑसच्या दक्षिण भागातील चोवीस गावांत जोपासलेला प्रकार भरपूर आणि चांगला डिंक देतो. झाडे नर आणि मादी वेगवेगळी असतात; मादी कमी डिंक देते, म्हणून लागवड फाट्यांपासून आणि नराचीच करतात. पाचव्या-सहाव्या वर्षी झाड डिंक देऊ लागते, बाराव्या-पंधराव्या वर्षी ऐन भरात येते. एका झाडाचे सालाचे उत्पन्न बहुधा दोनशे ग्रॅमच्या आतच राहते. एवढ्याशा मालासाठी वर्षभर राबावे लागते, हे भाव ऐकून नाक मुरडणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

काम सुरू होते जूनमध्ये. झाडाखालचे गवत खरवडून काढतात, जमीन खोडाभोवती वर्तुळात चोपून सपाट करतात, पालापाचोळा झाडून टाकतात आणि वर पांढऱ्या चुनखडी मातीचा पातळ थर चाळणीतून पसरतात. या मातीला ‘आस्प्रोखोमा’ म्हणतात. डिंक खाली गळून पडला की ती त्याला चिकटू देत नाही, लवकर कोरडा करते आणि स्वच्छ ठेवते. थर घातलेला नसेल, तर थेंब तांबूस मातीत रुततो आणि नंतर कितीही धुतला तरी काळपटच राहतो. झाडाखाली पसरलेले ते पांढरे गोल दुरून पाहिले, की कुणी अंगणात रांगोळीचे पीठ सांडल्यासारखे वाटते.

जुलैत चिरा पाडायला सुरुवात होते. टोकदार लहान हत्याराने सालीत १०-१५ मिमी. लांब आणि ४-५ मिमी. खोल चीर देतात. आधी बुंध्याजवळ मोजक्याच चिरा द्यायच्या. झाड जागे होते, असे शेतकरी म्हणतात. मग दर आठवड्याला एक-दोन वेळा, हळूहळू वर सरकत फांद्यांपर्यंत जायचे. चीर पहाटेच्या गारव्यात देतात. चीर खोल गेली, की लाकडाला इजा होऊन फांदी वाळते. फार उथळ राहिली, तर डिंक येत नाही. पहिल्याच वर्षी कोवळ्या झाडावर हात सैल सोडणारा पुढची अनेक वर्षे भोगतो. थेंब पाझरून खाली पडतात आणि १५-२० दिवसांत घट्ट होतात. मग ते उचलतात. खोडाला चिकटलेले अणकुचीदार सुरीने खरवडतात. ऐन काढणीत पाऊस आला, की मालाची चकाकी जाते आणि मातीही त्यात मिसळते; म्हणून सप्टेंबर जवळ आला, की सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागतात.

उचललेला माल चाळतात, थंड पाण्यात साबणाने धुतात, कापडावर पसरून सावलीत वाळवतात. उरलेली साल आणि माती हिवाळ्यात सुरीच्या टोकाने खडान् खडा निवडून काढतात. हे काम परंपरेने बायकांचे. शेजारणी एका घरात जमून संध्याकाळभर निवडत बसतात. मोठ्या चपट्या तुकड्यांना ‘पिता’ म्हणतात. त्याखालचे वर्ग जाड आणि बारीक खड्यांचे. १९३८पासून शेतकऱ्यांचा संघ सारा माल एकत्र घेऊन विकतो. १९९७पासून या मालाला युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे. लागवडीचे ज्ञान २०१४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

खरी मस्तकी ओळखायची कसोटी सोपी आहे. खडा दाताखाली आधी कडकन फुटतो, मग ऊब लागताच मऊ होऊन एकजीव लगदा बनतो आणि पाइनसारखा गंध सुटतो. राळ किंवा सँडरॅक (मस्तकीसारखाच दिसणारा दुसरा डिंक) मिसळलेला खडा मात्र तोंडात भुकटी होऊन राहतो. खलात नुसती घोटली, तर मस्तकी बत्त्याला चिकटून बसते; खडे फ्रीझरमध्ये थोडा वेळ ठेवून चमचाभर साखरेबरोबर वाटले, की भुगा सुटा येतो. साखर नको असेल तिथे मीठ चालते.

गावे : डिंक हा राज्यकर्त्यांचा माल, त्यामुळे गावेही पहारा देता येईल अशीच बांधली गेली. मेस्ता, ओलिंपी आणि पिर्गी यांची रचना एकच : बाहेरच्या घरांच्या पाठी एकमेकींना जोडून तट, त्यात मोजक्या वेशी, मध्ये बुरूज. गल्ल्या कमानींनी झाकलेल्या आणि वाकड्यातिकड्या, नवख्याला चक्रावून टाकणाऱ्या. गच्च्या एकमेकींना लागून, चाचे वेशीतून आत घुसलेच तर वरच्या वर बुरुजापर्यंत पोचता यावे म्हणून. पिर्गीत भिंतींवर ‘क्सिस्ता’ नक्षी असते. काळी वाळू आणि चुना यांचा गिलावा देऊन वर पांढऱ्या चुन्याचा हात मारतात, आणि तो ओला असतानाच कंपास व काट्याने त्रिकोण, वर्तुळे, समभुज चौकोन खरवडतात; खालचा काळा रंग वर येतो. चुना वाळला, की कडा फुटतात, म्हणून एका वेळी एकच पट्टा घेतात. शरद ऋतूत याच नक्षीदार भिंतींवर लाल टोमॅटोंच्या माळा वाळत टांगलेल्या असतात.

इतिहास : एंपोरिओ येथे कांस्ययुगीन वस्ती सापडली आहे. पुढे आयोनियन ग्रीकांचे हे महत्त्वाचे नगरराज्य झाले. महाकवी होमर आपल्याच इथला, असा बेटाचा दावा आहे. गणिती हिपोक्रेटीस इथला. वैद्य हिपोक्रेटीस वेगळा, तो कॉस बेटाचा. नावे सारखी असल्याने घोळ होतो. इ. स. पू. ४९४च्या, इराण्यांविरुद्धच्या लादेच्या आरमारी लढाईत खिऑसने १०० जहाजे उतरवली. हे वैभव गुलामांच्या कष्टांवरही उभे होते : स्पार्टा सोडला तर एवढे गुलाम अन्यत्र नव्हते, असे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ नोंदवतो.

अकराव्या शतकात बायझंटिन सम्राट कॉन्स्टंटाइन नववा याच्या आश्रयाने नेआ मोनी हा मठ उभा राहिला. सोनेरी पार्श्वभूमीवरची त्याची कुट्टिमचित्रे (मोझेइक; १९९०पासून जागतिक वारसा) बेटावरची सर्वांत मोलाची कलाकृती होत. १३४६ ते १५६६ बेट इटलीतील जेनोआच्या व्यापाऱ्यांच्या ‘माओना’ या भागीदारी कंपनीकडे होते. भागीदारांनी जुस्तिनियानी हे एकच आडनाव घेतले, मस्तकीचा भाव स्वतः ठरवला आणि चोरीला जबर शिक्षा ठेवल्या. कोलंबसने १४९३च्या पत्रात नव्या प्रदेशातील संपत्ती सांगताना खिऑसच्या मस्तकीची आठवण काढली आहे. १५६६मध्ये तुर्की आरमारप्रमुख पियाले पाशाने बेट ऑटोमन साम्राज्यात आणले. मस्तकीच्या गावांना कर म्हणून डिंक द्यावा लागे, त्या बदल्यात सवलती मिळत.

१८२२ हे बेटाच्या स्मृतीतले सर्वांत काळे वर्ष. शेजारच्या सामॉस बेटाहून आलेल्या बंडखोरांनी इथे ऑटोमन सत्तेविरुद्धचे ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटवले; एप्रिलमध्ये कारा अलीचे ऑटोमन आरमार आले आणि कत्तल सुरू झाली. हजारो मारले गेले, हजारो गुलामांच्या बाजारात विकले गेले, उरलेले परागंदा झाले. अनावातोस हे कड्यावरचे गाव तेव्हापासून सावरलेच नाही. नेआ मोनीत मृतांच्या कवट्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. मस्तकीची गावे उत्पन्नासाठी आधी वगळली होती. जूनमध्ये ग्रीक नौकाधिकारी कानारिसने कारा अलीचे ध्वजजहाज जाळले, त्याच्या सूडात तीही भरडली गेली. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाच्या १८२४च्या चित्रामुळे ही घटना युरोपभर पोचली.

खिऑसच्या व्यापारी घराण्यांनी लंडन, मार्सेय, ओडेसा येथे पेढ्या थाटल्या. त्यांतलेच रॅली बंधू एकोणिसाव्या शतकात कलकत्ता आणि मुंबईत उतरले आणि कापसाच्या व्यापारात मातब्बर झाले. ‘रॅलीज’ हे नाव भारतात अजून चालू आहे, ते मूळचे या बेटावरचे. १८८१च्या भूकंपात हजारो दगावले आणि कांपोसचे अनेक वाडे ढासळले. १९१२मध्ये ग्रीक सैन्य उतरले आणि बेट ग्रीसमध्ये आले. १९४१-४४ या काळात जर्मन ताबा होता. ऑगस्ट २०१२च्या वणव्यात दक्षिणेतील मस्तकीचे मोठे क्षेत्र जळाले.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट सकाळी होराला लावते. चेश्मेहून तासाभराच्या आत पोचता येते. चिरा आणि पांढरी माती पाहायची असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पिर्गीच्या रानात असावे. दुपारी तिथे कुणी भेटत नाही.