हँडिकॅप पद्धत (शिडाच्या होड्यांची शर्यत)

वेगवेगळ्या जातीच्या, लांबीच्या, वजनाच्या शिडाच्या होड्या एकाच शर्यतीत सोडायच्या आणि निकाल मात्र होडीचा अंगचा वेग हिशोबात धरून लावायचा, ह्याला हँडिकॅप पद्धत म्हणतात. शब्द ऐकला की आपल्याकडं अपंगत्व डोळ्यासमोर येतंय पण इथं त्याचा काही संबंध नाही. घोड्यांच्या रेसमध्ये जोरात पळणाऱ्या घोड्यावर जादा वजन चढवतात त्यालाही हँडिकॅपच म्हणतात, फक्त होडीच्या बाबतीत वजन चढवत नाहीत, घड्याळातल्या वेळेचा हिशोब बदलतात.

ज्यानं बैलगाड्यांच्या शर्यती बघितल्यात त्याला हे लगेच कळेल. आदत (दुधाचे दात असलेले) वेगळे पळवतात, दुसा (दोन पक्के दात आलेले) वेगळे, कारण कोवळ्या जनावराला भरलेल्या बैलाबरोबर जुंपणं बरोबर नाही. पण असे गट पाडायला तेवढी जनावरं यावी लागतात, आणि छोट्या होडी क्लबात नेमकं तिथंच अडतंय. एका जातीच्या दहा-पंधरा होड्या असतील तर प्रश्नच नाही, जो पहिला आला तो जिंकला, त्याला वन-डिझाइन रेस म्हणतात. पण बहुतेक छोट्या क्लबांत लेझर जातीच्या दोन, ऑप्टिमिस्ट जातीच्या तीन, एखादी एंटरप्राइज, असाच मेळ असतो. आता ह्यांना वेगळं पळवलं तर शर्यतच होत नाही आणि एकत्र पळवलं तर निकाल पाण्यात उतरायच्या आधीच ठरलेला.

होडीचा वेग आधीच का ठरतो तर मुख्यतः लांबीमुळं. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा, की साधारण वरचा वेग नॉटमध्ये (म्हणजे तासाला इतके सागरी मैल) मिळतो. म्हणजे 9 फुटाला 4 नॉट, 16 फुटाला 5.4, 25 फुटाला 6.7. त्याच्या वर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, मग कितीही हुशार माणूस सुकाणूवर बसवा. हलक्या होड्या जोराच्या वाऱ्यात पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत पळतात, त्याला प्लेनिंग म्हणतात, तेव्हा हे गणित मोडतं, आणि हँडिकॅपची खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

छोट्या होड्यांसाठी जास्त वापरतात ती ब्रिटनची पोर्ट्समथ यार्डस्टिक. प्रत्येक जातीच्या होडीला एक नंबर, नंबर मोठा म्हणजे होडी हळू. लेझरचा (आता तिला इल्का 7 म्हणतात) 1100 च्या आसपास, ऑप्टिमिस्टचा 1640 च्या आसपास. हे आकडे कुणी टेबलावर बसून काढलेले नाहीत, क्लबांनी पाठवलेल्या खऱ्या निकालांवरून काढतात आणि अधूनमधून सुधारतात. हिशोब सोपा आहे, लागलेले सेकंद गुणिले 1000, भागिले होडीचा नंबर, जे येतं ती करेक्टेड वेळ.

समजा घटप्रभेवर हिडकलच्या धरणात अशी रेस लावली. लेझर 50 मिनिटात आली, म्हणजे 3000 सेकंद, करेक्टेड 2727. ऑप्टिमिस्टवर बारा वर्षाची पोरगी आहे, ती 73 मिनिटांनी येते, लेझरवाला तोवर शीड उतरवून कपडे बदलून बसलेला असतो. तिचे 4380 सेकंद, 1000 नं गुणून 1640 नं भागल्यावर 2671. पोरगी 56 सेकंदांनी जिंकली. तिला 74 मिनिटं 33 सेकंदांपर्यंत मुभा होती, त्याच्यावर गेली असती तर लेझर पुढं. हळू होडीला तेवढ्या फेऱ्या झेपत नसतील तर तिला कमी फेऱ्यांवर थांबवतात आणि वेळ जास्तीत जास्त फेऱ्यांच्या प्रमाणात वाढवून मग नंबरनं भागतात.

ह्या सगळ्याचा पाया म्हणजे वेळ लिहिणारा माणूस. मी एकदा चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो होतो तेव्हा रेसच्या बोटीवर वेळ लिहायला बसवलं होतं. पेन्सिलच दिली हातात, कारण पाणी उडून शाई पसरते. एकानं शिडाचा नंबर मोठ्यानं ओरडायचा, दुसऱ्यानं सेकंद, मी दोन्ही लिहायचं. तीन होड्या एकदम लाइनवर आल्या आणि एक नंबर शिडाच्या चुणीत अर्धा झाकलेला, तेवढ्या एका नंबरासाठी नंतर किनाऱ्यावर सगळे त्या भिजक्या कागदावर वाकले होते. हिशोब मोबाइल करतो हो, पण तो सेकंद माणसानंच पकडायचा असतो.

दुसरी पद्धत अंतरावर चालते. अमेरिकेतली पीएचआरएफ तशी, तिथं होडीला मैलामागं इतके सेकंद अशी सूट असते. एकीचं रेटिंग 120, दुसरीचं 170, कोर्स 6 सागरी मैल (एक मैल 1852 मीटर), तर हळू होडीला मैलामागं फरकाचे 50 प्रमाणे 300 सेकंद, म्हणजे सरळ पाच मिनिटं. रेस चालू असतानाच कुणाला किती वेळात गाठायचं ते कळतं, हा तिचा फायदा. पण वारा पडला, रेस दोन तास लांबली, तरी सूट पाचच मिनिटं राहते आणि हळू होडी मार खाते. वेळेच्या पद्धतीत सूट वेळेबरोबर वाढत जाते. घाटाकडून येणारा वारा धरणाच्या पाण्यावर कधी जोरात तर कधी एकदम बंद, अशा ठिकाणी मला वेळेचीच पद्धत बरी वाटते, शिवाय अंतर मोजत बसायची कटकट नाही.

मोठ्या यॉटसाठी आयआरसी आणि ओआरसी ह्या मोजमापावरच्या पद्धती आहेत. आयआरसीचं सूत्र मुद्दाम गुप्त ठेवतात, आणि त्याला कारण आहे. 19 व्या शतकात इंग्लंडमध्ये रुंदीवर जास्त भार टाकणारं मोजमाप आलं तर लोकांनी फळी उभी केल्यासारख्या अरुंद, खोल होड्या बांधल्या. नियम दिसला की लोक नियमासाठी होडी बांधतात, समुद्रासाठी नाही. 1851 ला आइल ऑफ वाइटभोवतीच्या ज्या शर्यतीवरून अमेरिका कप सुरू झाला तिच्यात मात्र वेळेची सूट नव्हतीच.

एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे नंबर होडीचा असतो, माणसाचा नाही. शिकाऊ पोरगा आणि एशियन गेम्समधला खेळाडू एकाच जातीच्या होडीत बसले तर दोघांचा नंबर एकच, आणि तसाच पाहिजे, नाहीतर शिकायचं कशाला. काही क्लब हौशी लोकांचा उत्साह टिकावा म्हणून पर्सनल हँडिकॅपचा वेगळा तक्ता ठेवतात, जिंकला की नंबर कडक, हरत राहिला की सैल. ठेवा की, चांगलंच आहे, पण तो तक्ता वेगळाच राहू दे, मुख्य निकालात मिसळू नये. आपल्या सीमाभागातली पोरं फौजेत, नेव्हीत जातात, तिथं बरेच जण पहिल्यांदा शीड धरतात, त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे.

जिथं बघायला आख्खा गाव येईल तिथं पर्सूट रेस लावावी. हिच्यात सूट आधीच देऊन टाकतात, हळू होडी आधी सुटते आणि बाकीच्या नंबराप्रमाणे मागून. 90 मिनिटांची रेस धरली तर ऑप्टिमिस्ट शून्याला सुटणार आणि लेझर जवळपास 29 मिनिटं 38 सेकंदांनी, सोयीसाठी 30 धरतात. 90 मिनिटं झाली की शिट्टी, त्या क्षणी जो पुढं तो जिंकला, कागद नाही, भागाकार नाही, काठावरच्या म्हाताऱ्यालाही दिसतंय कोण पुढं आहे ते.